नागपूरहून रेगाटाला जायचंय? आधी बोटीचं बूच बघा

मागच्या खेपेला हैदराबादच्या रेगाटात, म्हणजे शिडाच्या बोटींच्या शर्यतीत, दुसऱ्या रेसमध्ये माझ्या भाचीची बोट पाण्यात म्हशीसारखी बसली होती. बाकीच्या बोटी सुळसुळ निघून राहिल्या आणि ही वळता वळेना, मी किनाऱ्यावरून बोंबलतोय की अगं मागे सरक, पुढे सरक, आणि ती बिचारी सरकून सरकून थकली. संध्याकाळी बोट ट्रॉलीवर घेऊन मागचं बूच काढलं तर आतून धार लागली. बादलीने मोजलं, अकरा लिटर. म्हणजे पोट्टी दिवसभर अकरा किलोचं वजन सोबत घेऊन फिरत होती, आणि ते वजन एका जागी पण बसत नाही, बोट पुढे झुकली की पुढे पळते, मागे झुकली की मागे. कारण काय, तर बुचाचं रबरी वायसर चिरलेलं. दहा रुपयांची वस्तू. आणि ते वायसर बघायचं काम माझं होतं, त्यामुळे दुसऱ्या कोणावर ढकलायलाही जागा नव्हती.

तेव्हापासून मी एक यादी करून भिंतीवर लावलीये. नागपूरच्या माणसाला शिडाची बोट म्हटलं की लोक आधी हसतात, "समुद्र कुठाय बे?" म्हणून. समुद्र नाही, पण तलाव आहेत ना. मी स्वतः कॉलेजात एनसीसीच्या नेव्हलमध्ये अंबाझरी तलावावर शिकलो. आणि ज्यांना अजून वाटते की तलावावर काय शिकणार, त्यांच्यासाठी: मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातली नेहा ठाकूर भोपाळच्या तलावावर शिकली आणि २०२३ च्या हांगझोऊ एशियन गेम्समध्ये मुलींच्या आयएलसीए ४ बोटीच्या शर्यतीत तिने सिल्व्हर आणलं. भोपाळलाही समुद्र नाहीच.

आपला खरा प्रॉब्लेम वेगळा आहे. नागपुरात बोटीच्या सामानाचं दुकान नाही. एक साधी पुली तुटली तर ती मुंबईहून नाही तर चेन्नईहून मागवा आणि कुरिअरची वाट बघत बसा. म्हणून मुंबईची पोरं जे काम रेगाटाच्या आदल्या दिवशी करतात ते आपल्याला तीन आठवडे आधी करावं लागते. हा सगळा लेख त्याबद्दलच आहे.

बोट कोणती, ते आधी

आमच्याकडे जुनी लेझर आहे, हिलाच आता आयएलसीए म्हणतात. एकट्याने चालवायची बोट, लांबी ४.२ मीटरच्या आसपास, नुसतं हल म्हणजे खालचं धड ५९ किलोच्या जवळपास. गंमत अशी की हल एकच आणि त्यावर तीन मापाचं शीड बसते: आयएलसीए ४ ला ४.७ चौरस मीटर, ६ ला ५.७६ आणि ७ ला ७.०६. मास्ट दोन तुकड्यांचा असतो, वरचा तुकडा तोच राहतो, खालचा बदलायचा. त्यामुळे आमच्या घरात एकाच बोटीवर भाची ४ चालवते आणि मी रविवारी पोट आत घेऊन ७ चालवतो. कोकणातला माणूस शीड, डोलकाठी, सुकाणू म्हणेल, आमच्याकडे सेल, मास्ट, रडर असंच चालते, मीही दोन्ही मिसळूनच लिहितोय, समजून घ्या.

ही वन डिझाइन बोट आहे, म्हणजे सगळ्यांच्या बोटी सारख्या असायला पाहिजेत. हलचा आकार बदलायचा नाही, वजन कमी करायचं नाही, बाजारातली कोणतीही पुली लावायची नाही, क्लासच्या, म्हणजे या प्रकारच्या बोटीच्या, नियमात बसते तीच. त्यामुळे "बोट फास्ट करणे" असं काही फार नसतेच. बोट गळत नसावी, दोऱ्या अडकू नयेत आणि काही तुटू नये, एवढंच आपल्या हातात आहे. लोक आधी नवीन सेल घ्यायला धावतात, मी म्हणतो थांबा. गळकी बोट आणि नवीन सेल म्हणजे पंक्चर टायरच्या गाडीला अलॉय व्हील लावल्यासारखं आहे.

तीन आठवडे आधी: हल

बोट उलटी करा. दोन जुने टायर जमिनीवर ठेवा, त्यावर आडवी टाका, फरशीवर डायरेक्ट टेकवू नका. साबणाच्या पाण्याने धुवा आणि मग हाताने, हो हातानेच, पूर्ण अंग चाचपून बघा. डोळ्याला जी चीर दिसत नाही ती बोटाला लागते.

आता गळती. ही टेस्ट संध्याकाळी करायची, ऊन उतरल्यावर, कारण दुपारी हलमधली हवा स्वतःच फुगते आणि मग काय कळायचं ते कळत नाही. आयएलसीएच्या कॉकपिटमध्ये, म्हणजे पाय ठेवायच्या खोलगट जागेत, पुढच्या भिंतीला, टो स्ट्रॅपच्या (पाय अडकवायच्या पट्ट्याच्या) पट्टीजवळ एक बारीक भोक असते. ते हवा आतबाहेर व्हायला मुद्दाम ठेवलेलं आहे, ते तात्पुरतं टेपने बंद करा. मागच्या बुचाच्या भोकात एक रबरी नळी घट्ट बसवा आणि तोंडाने फुंका. फक्त तोंडाने! आमच्या ओळखीच्या एकाने पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर लावला होता, डेक (बोटीचा वरचा भाग) आणि हलचा जोड उकलला, मग बसला महिनाभर फायबरचं काम करत. फुंकून नळी चिमटीत धरायची आणि दुसऱ्याने ब्रशने साबणाचं पाणी लावत जायचं: डेक-हलच्या जोडावर, मास्ट ज्या खड्ड्यात बसतो त्याच्या कडेला, डॅगरबोर्ड (मधून पाण्यात सोडायचं पातं) ज्या खाचेत बसतो तिच्या कडांना, बेलर म्हणजे कॉकपिटमधलं पाणी बाहेर काढणाऱ्या तोटीभोवती आणि मागे रडरच्या कड्यांच्या स्क्रूभोवती. बुडबुडे आले की तिथे मार्करने गोल करा. झालं की टेप काढायला विसरू नका.

मास्टच्या खड्ड्याची वेगळी टेस्ट आहे आणि ती सगळ्यात महत्त्वाची, कारण सगळा जोर तिथेच येतो. खड्डा काठोकाठ पाण्याने भरा, चहा पिऊन या, तासाभराने बघा. पाणी खाली गेलं असेल तर खड्ड्याच्या बुडाशी चीर आहे आणि ती बोट जोराच्या वाऱ्यात न्यायची नाही. मास्ट डेक फाडून बाहेर येतो. हे काम स्वतः करायचा हट्ट धरू नका, फायबरचं काम येणाऱ्याकडे द्या.

स्क्रूची गळती मात्र घरी निघते. स्क्रू काढायचा, भोक पूर्ण वाळू द्यायचं, सीलंट भरून परत कसायचा. बाथरूमचं सिलिकॉन वापरू नका, ते चार महिन्यात सुटते, पॉलियुरेथेनचं मरीन सीलंट मागवा. वाळवण्याच्या बाबतीत मात्र नागपूरसारखं गाव नाही. मे महिन्यात आमच्या गच्चीवर बूच काढून बोट चार दिवस ठेवली तर आत थेंब राहत नाही, पापड काय आणि बोट काय. पण झाकून, सावलीत! ४५ डिग्रीत उन्हात बूच लावून बंद ठेवलेल्या हलमध्ये हवा फुगते आणि जोड ताणले जातात. घरी उभी बोट म्हणजे बूच बाहेर, हा आमचा नियम आहे आणि बूच मी किल्ल्यांच्या जुडग्याला लावून ठेवतो.

ओरखड्यांचं म्हणाल तर खोल असेल तिथे जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत थर) भरा, मग पाणी लावून ४०० नंबरचा कागद, मग ८००, मग १२००. ४०० पेक्षा जाड कागद हलला लावायचाच नाही, घासून आकार बदलणं नियमात बसत नाही. वॅक्सच्या नादी मी लागत नाही, स्वच्छ साबणाने धुतलेलं हल पुरते.

एक आमच्या गावची गोष्ट सांगतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओव्हरफ्लो झाला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट सगळं पाण्यात गेलं ते आठवत असेल. बोट तेव्हा तिकडे एका मित्राच्या पार्किंगमध्ये होती. गाड्या बुडाल्या आणि बोट आरामात तरंगत गेटपाशी जाऊन थांबली. तीनच दिवसांनी तिकडे नेहाचं मेडल आलं आणि इथे आम्ही मास्टच्या खड्ड्यातून चमच्याने गाळ काढत होतो. तेव्हा कळलं की तो खड्डा किती घाण धरून ठेवतो. त्यात बारीक रेती राहिली की मास्ट फिरताना ती पॉलिश पेपरसारखी काम करते आणि मास्टचं बूड आणि खड्डा दोन्ही झिजतात. आता दर वेळी मास्ट लावायच्या आधी ओलं फडकं आत घालून फिरवायचं, अर्धा मिनिट लागतो.

डॅगरबोर्ड आणि रडर

हे दोन पाण्याखालचे पंख. मागची कड, म्हणजे पाणी जिथून सुटते ती, बघा. तिथे दगड लागून टवके उडालेले असतात. इपॉक्सी भरा, वाळू द्या, पाणी लावून बारीक कागदाने मूळ आकाराला आणा, आकार सुधारायला जाऊ नका. आणि हे पंख उन्हाळ्यात कारच्या डिकीत टाकून ठेवू नका, आतला फोम तापतो आणि वाकतात किंवा फोड येतात. आमचा एक असाच गेला, मागच्या काचेखाली, दोन दुपारी.

रडरचा बोल्ट: पातं हलवून बघा, डावीकडे-उजवीकडे खुळखुळ असेल तर कसा. पातं पूर्ण खाली जायला पाहिजे आणि दोरीने तिथेच राहायला पाहिजे, थोडं जरी मागे उचललेलं राहिलं तर टिलर, म्हणजे रडरचा दांडा, हातात जड लागतो आणि पोरांना वाटते वारा जास्त आहे. रडर बोटीला लागते तिथे एक स्प्रिंगची क्लिप असते, बोट उलटली तरी रडर निसटू नये म्हणून. ती क्लिप वाकून सपाट झालेली असते आणि कोणी बघत नाही. रडर लावा आणि वर ओढा, निघालं तर क्लिप गेलेली आहे.

जलपर्णीचा सराव पण इथेच होतो आपला, अंबाझरीची कृपा. डॅगरबोर्डला मुळं अडकली की तो थोडा वर उचलून परत खाली दाबायचा, निघून जातात. हे भाचीला न बघता करता येते आता. मोठ्या समुद्री क्लबच्या पोरांना हे येत नाही, तेवढंच आपलं भांडवल.

मास्ट आणि बूम

दोन्ही तुकडे फरशीवर लोळवून बघा, वाकडा असेल तर लगेच दिसते, उड्या मारतो. अॅल्युमिनियमच्या वरच्या तुकड्याला जिथे कॉलरचा रिवेट आहे तिथे भिंग लावून बघा, केसाएवढी चीर दिसली तरी तो तुकडा रेसला न्यायचा नाही. जोडताना खालच्या तुकड्यात वरचा ढिला बसत असेल तर इन्सुलेशन टेपचा एक वेढा द्या, एकच, जास्त दिला तर संध्याकाळी निघणार नाही आणि दोन माणसं दोन्हीकडून ओढत बसतील. बूमला, म्हणजे सेलच्या खालच्या आडव्या दांड्याला, जिथे स्टीलचं फिटिंग आहे तिथे पांढरी पावडर दिसली तर समजा अॅल्युमिनियम खाल्लं जातंय. स्टील स्वतः गंजत नाही पण शेजाऱ्याला खाते, असा तो प्रकार. रिवेट बोटाने दाबून बघा, हलला की बदला.

दोन आठवडे आधी: दोऱ्या

इथे पैसे खर्च करा. सेलच्या किमतीच्या मानाने दोऱ्या काहीच नाहीत आणि फरक डोळ्याला दिसतो.

मेनशीट, म्हणजे मुख्य ओढायची दोरी, ६ किंवा ७ मिलिमीटरची, तेरा-साडेतेरा मीटर. ही मऊ पाहिजे, हातातून जाताना गुंडाळी व्हायला नको. व्हँग (बूम खाली ओढणारी), कनिंगहॅम (सेलची पुढची कड खाली ताणणारी) आणि आउटहॉल (सेलचा मागचा कोपरा बूमवर मागे ओढणारी) यांना ४ ते ५ मिलिमीटरची कमी ताणणारी, डायनीमा (जवळजवळ न ताणणाऱ्या धाग्याची) मिळाली तर उत्तम. ट्रॅव्हलर, जी मागे टिलरच्या वरून आडवी जाते, ती तर डायनीमाच पाहिजे, कारण ती ढिली झाली की सगळं बिघडते. इतवारीत नायलॉनची दोरी किलोवर मिळते, स्वस्त पडते, पण नायलॉन रबरासारखं ताणते, ती बोट गाडीवर बांधायला सुद्धा मी वापरत नाही. कपडे वाळवा तिच्यावर.

नवी दोरी आधी ताणून घ्यायची. आमची पद्धत: एक टोक खिडकीच्या ग्रिलला आणि दुसऱ्या टोकाला वीस लिटरची पाण्याची कॅन, रात्रभर लटकवून ठेवा. आईने पहिल्यांदा बघितलं तेव्हा विचारलं होतं की हे काहून लटकवलं, कोणाला फाशी द्यायची आहे का. सकाळी लांबी मोजून मगच कापायची. कापलेलं टोक मेणबत्तीवर वितळवा आणि ओल्या बोटांनी नाही, चमच्याच्या पाठीने दाबून गोल करा. एकदा बोटांनी केलं होतं, फोड आला, बास.

प्रत्येक दोरीचा रंग वेगळा ठेवा. जोराच्या वाऱ्यात खाली बघून विचार करायला वेळ नसतो, "लाल ओढ" एवढंच पोराला कळलं पाहिजे. आणि गाठी: फंद्याला बोलाइन, टोकाला फिगर एट. मेनशीटच्या शेवटी फिगर एट नसली आणि हातातून सुटली तर ती पुलीतून सरळ निघून जाते आणि मग भर पाण्यात ओवत बसा.

पुल्या गोड्या पाण्याने धुवा, कूलरच्या टाकीत घालून हलवल्या तरी चालते. तेल-ग्रीस लावू नका, धूळ बसून पेस्ट होते. अंगठ्याने फिरवून कानाजवळ न्या, करकर ऐकू आली तर आत रेती आहे.

सेल आणि सेटिंग

सेल घडी घालून नाही, गुंडाळून ठेवायचं, पारदर्शक खिडकी मोडू नये म्हणून. बॅटन, त्या पातळ पट्ट्या, घालताना बारीक टोक आतल्या बाजूला मास्टकडे. उलटं घातलेलं मी दर रेगाटात एकदा तरी बघतो. वाऱ्याचा अंदाज दाखवणारे टेलटेल सुटले असतील तर लोकरीचा धागा आणि टेप, घरात कोणाच्या तरी जुन्या स्वेटरमधून निघतो.

आता बोट अंगणात किंवा पार्किंगमध्ये पूर्ण उभी करा, वारा कमी असेल अशा सकाळी, आणि खुणा करून ठेवा. हे काम एकदा नीट केलं की पाण्यावर डोकं मोकळं राहते.

ट्रॅव्हलर: जेवढी ताठ होते तेवढी करा, मग अजून एकदा करा. टिलर तिच्याखालून जेमतेम सरकला पाहिजे. सेलचा मागचा कोपरा बूमला बांधणारी दोरी अशी की कोपरा बूमला चिकटून राहील पण पुढेमागे सहज सरकेल. दोन्ही एकदम पाहिजे, नाही तर आउटहॉल सोडला तरी सेल सुटत नाही.

आउटहॉल: मध्यम वाऱ्यात सेलच्या खालच्या कडेत आणि बूममध्ये मधोमध साधारण एक वीत जागा. अगदी कमी वाऱ्यात आणि जोराच्या वाऱ्यात थोडी कमी. पोराच्याच हाताची वीत धरा, पाण्यावर तोच हात सोबत असणार आहे.

व्हँग: मेनशीट इतकी ओढा की मागच्या दोन्ही पुल्या एकमेकींना टेकतील, मग व्हँगची ढील फक्त संपवा. हे बेस सेटिंग, दोरीवर परमनंट मार्करने खूण करा. वारा जिकडून येतो तिकडे वर जाताना वारा वाढला आणि बोट कलायला लागली तर इथून पुढे ओढत जायचं. वाऱ्यासोबत खाली जाताना सोडायचं, पण इतकं नाही की सेलचं वरचं टोक मास्टच्या पुढे पिळून जाईल, तशी बोट वाऱ्याकडच्या बाजूला झपकन उलटते.

कनिंगहॅम: हलक्या वाऱ्यात सैल, सेलच्या पुढच्या कडेला सुरकुत्या दिसल्या तरी दिसू द्या. भाचीला सुरकुत्या दिसल्या की इस्त्री करावीशी वाटते, तिला आवरावं लागते. बोट आवरेनाशी झाली की मात्र दणकून ओढायचं.

सेफ्टीच्या गोष्टी यातच बघून घ्या. मास्ट उलटल्यावर निघू नये म्हणून डेकला बांधायची दोरी, डॅगरबोर्डला पुढे ओढून धरणारी इलॅस्टिक, नाकाला ओढून नेण्याची दोरी, लाइफ जॅकेटचं बक्कल आणि शिट्टी. इन्स्पेक्शनमध्ये हेच विचारतात आणि यातलं काही नसेल तर नाक मुरडतात, बरोबरच आहे त्यांचं.

शेवटचा आठवडा

नवीन काही लावायचं नाही. नवीन दोरी नाही, नवीन बूट नाही, यूट्यूबवर बघितलेलं नवीन सेटिंग तर अजिबात नाही. जे आहे ते घेऊन दोनदा पाण्यावर जा, जिथे तुम्हाला परवानगी आहे त्या तलावावर, आणि दोनदा मुद्दाम बोट उलटवा. उलटवल्यावर काय सुटते ते बघा. मागच्या वेळी पाण्याची बाटली सुटली होती, त्याच्या मागच्या वेळी रडर.

कागदपत्रं याच आठवड्यात. नोटीस ऑफ रेस आणि सेलिंग इन्स्ट्रक्शन्स, म्हणजे आयोजकांच्या सूचना, प्रिंट काढून वाचा, मोबाइलवर वरवर नाही. २०२५ पासून २०२८ पर्यंतचे रेसिंग रूल्स लागू आहेत, जुन्या सीनियरने सांगितलेलं "असंच असते" धरून चालू नका. स्टार्टचा क्रम पोराकडून पाठ करून घ्या: पाच मिनिटांना क्लासचा झेंडा, चार मिनिटांना तयारीचा झेंडा, एक मिनिट राहिलं की तो खाली, शून्याला क्लासचा झेंडा खाली आणि सुटा. चार मिनिटांचा झेंडा काळा असेल आणि शेवटच्या मिनिटात रेषेच्या पुढे दिसलात तर ती रेस गेली. घड्याळ हातावर चालू करून स्वयंपाकघरात प्रॅक्टिस घेतली आम्ही, मी शिटी वाजवायचो, बायको म्हणाली कुकरची आणि तुझी शिटी एकच येऊन राहिली.

गाडीवर बांधणे आणि रस्ता

जुलैत हैदराबादच्या हुसेन सागरवर रेसिंग होते आणि नागपूरहून तिथे जायला चव्वेचाळीस नंबरचा हायवे सरळ आहे, पाचशे किलोमीटरच्या आसपास. बोट कॅरिअरवर उलटी, डेक खाली. आडव्या दांड्यांना फोमचे पाइप, जे एसीच्या नळीवर लावतात ते, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. रुंद पट्टे वापरा, रॅचेट असेल तर हाताने दोनच खटके, हल दाबून खड्डा पडतो. पट्ट्याला मध्ये एक पीळ द्या, नाही तर ऐंशीच्या स्पीडला ते असे गुणगुणतात की जाम गावापर्यंत डोकं उठते. नाक आणि शेपूट दोन्ही वेगळ्या दोरीने बंपरकडे. मास्टचे तुकडे मागे निघत असतील तर लाल कापड.

पहिला थांबा जामला, चहासाठी नाही, पट्टे बघायला. पहिल्या तासात फोम दबतो आणि पट्टा ढिला होतो. मग परत पांढरकवड्याला, पैनगंगा ओलांडायच्या आधी. पावसात ओले पट्टे अजून सैल होतात, त्यामुळे निर्मलच्या घाटात जायच्या आधी अजून एकदा बघितलं तर काही बिघडत नाही.

डब्यात काय: इन्सुलेशन टेप, दोन बुचं आणि चार वायसर, रडरची क्लिप, ४ मिलिमीटरची पाच मीटर दोरी, दोन पुल्या, स्क्रू ड्रायव्हर, पाना, पक्कड, चाकू, मार्करपेन, सीलंटची छोटी ट्यूब, जुनं फडकं. आणि एक स्पंज. स्पंज सगळे विसरतात आणि मग माझा मागतात. संत्रा बर्फीचा एक डबा पण ठेवा, शेजारच्या टेंटमधून रिवेट गन मागायची वेळ आली तर कामी येते.

रेसच्या सकाळी

लवकर जा, आणि पोराला एकट्याला बोट लावू द्या. मी बाजूला खुर्ची टाकून बसतो आणि हात मांडीखाली दाबून ठेवतो, खरंच. पाण्यावर काही सुटलं तर तिलाच बांधायचं आहे. ती संपवते, मग मी एकदा फिरून चार गोष्टींना हात लावतो: बूच, रडरची क्लिप, मास्टची दोरी, मेनशीटची गाठ. बोलायचं नाही, नुसता हात लावायचा.

हुसेन सागरभोवती उंच इमारती आहेत, वारा इकडून तिकडून वळून येतो, त्यामुळे पहिल्या स्टार्टच्या अर्धा-पाऊण तास आधी पाण्यावर असलेलं बरं. एकदा वारा जिकडून येतो तिकडे वर जाऊन यायचं, व्हँगची खूण बरोबर वाटते का बघायचं, डॅगरबोर्डला काही अडकलंय का उचलून बघायचं, पाणी प्यायचं.

संध्याकाळी बोट वर आली की आधी बूच काढून शेपूट खाली करा आणि निघालेलं पाणी मोजून वहीत लिहा, मग गोड्या पाण्याने पुल्या आणि दोऱ्या, मग सेल वाळवून गुंडाळा, जेवण नंतर. त्या अकरा लिटरनंतर आमच्या वहीतला शेवटचा आकडा अर्धा कप असा आहे आणि त्याच्यासमोर भाचीने लिहून ठेवलंय, "मामा, हे पण बेलरच्या स्क्रूतून येते, बघ." या रविवारी तो स्क्रू काढायचा आहे.